लेक जपानला निघाली तेव्हा



दिवाळीनंतर इथं काही लिहिलं नाही, कारण घरात एकच विषय होता. नववीतली माझी लेक शाळेबरोबर नऊ दिवस जपानला जाऊन आली. मंदिरात भेटतील त्या सगळ्या विचारतात, "काय दिलंस गं बरोबर? खाण्याचं कसं केलंत?" पुढच्या वर्षी आपल्यातल्या आणखी दोघीतिघींची मुलं जाणार आहेत, म्हणून लिहूनच टाकते. पण मैत्रिणींनो, डब्याची यादी ही त्यातली सोपी गोष्ट होती.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर केलंय. सहल टोकियो आणि क्योटो करून त्याच ओकायामाला जाणार होती, आणि तिथं दोन रात्री मुलं जपानी कुटुंबांत राहणार होती. पालकसभेत हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हॉटेलात भात-दही मागून घेता येतं. कुणाच्या घरी, कुणीतरी आपल्यासाठी मुद्दाम रांधलेलं, ते "नको" कसं म्हणायचं?

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो. आपला १० वर्षांचा असतो, म्हणून लक्षात राहत नाही. दुबईला दिरांकडे जायचं म्हणून चौथीत काढलेला तिचा पासपोर्ट संपलेला निघाला. नव्यासाठी आईवडील दोघांच्या सहीचं ॲनेक्शर डी लागतं आणि आमचे 'हे' नेमके दौऱ्यावर. सहलीचं नाव निघाल्या दिवशीच पासपोर्टची तारीख बघा.

सहल नेणाऱ्या कंपनीचा माणूस सभेला आला होता. "जैन फूड? काही प्रॉब्लेम नाही मॅडम, कांदा-लसूण नसलेलं देऊ." मी विचारलं, "आणि सूर्यास्त?" तो हसला. "डिनर सातला आहे मॅडम."

इथंच खरी अडचण होती. यंदाच्या दशलक्षण पर्वात लेकीनं माताजींकडं वर्षभराचा नियम घेतला होता. रात्री अन्न नाही, फक्त पाणी. मला न विचारता घेतला. तेव्हा मी चारचौघींत कौतुकानं सांगत फिरले. आता नोव्हेंबरात टोकियोचा सूर्यास्त पाहिला तर साडेचारच्या सुमाराला, ओकायामाचा पाचला. पुण्यात त्या दिवसांत सहा वाजतात. म्हणजे दिवसभर पायपीट करून पोरगी चार वाजता जेवणार आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्यावर राहणार.

मी म्हटलं, माताजींना विचारून नऊ दिवसांची सूट मागू या. तर ती म्हणाली, "आई, नियम माझा आहे. सूट मागायची की नाही ते मी ठरवीन."

तिच्या वर्गशिक्षिकांना भेटायला गेले. त्या आपल्यातल्या नाहीत. मला वाटलं, वैतागतील. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तिची चारची वेळ मी सांभाळते. भाताचा डबा आधी घेऊन ठेवू, बसमध्ये खाईल. पण सातला सगळे जेवताना तिनं खोलीत एकटं बसायचं नाही. टेबलाशी बसायचं, पाणी प्यायचं, गप्पा मारायच्या." हे मला सुचलंच नसतं. मी तिच्या पोटाचाच विचार करत होते.

आता डबा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीकडच्या जुन्या वळणाच्या. पिठाची मर्यादा त्यांच्याकडं अजून पाळली जाते, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. "सहल नऊ दिवसांची आणि मर्यादा सातची. मग शेवटचे दोन दिवस काय?" शेवटी पिठाचं सगळं पहिल्या सात दिवसांपुरतंच दिलं. दशम्या पहिल्या दिवसापुरत्या, मग खाकरे आणि बेसनाचे लाडू. शेवटच्या दोन दिवसांसाठी फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खारीक, बदाम. बिनलसणाचं भडंग जयसिंगपूरच्या नणंदेकडून आलं. ताजी फळं, भाज्या, अगदी कढीपत्त्याची डहाळीही देऊ नका, तिकडच्या विमानतळावर अडवतात. आणि आपली विजेची किटली नेऊ नका. तिकडं वीज १०० व्होल्टची असते, आपल्या किटलीत पाणी कोमट व्हायलाच युग लागेल.

विमानात जैन जेवण मिळतं, त्याचं नाव व्हीजेएमएल. ते तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं, आयत्या वेळी मिळत नाही. आमचं विमान रात्रीचं, त्यामुळे तिनं ते जेवण घेतलंच नाही. पूर्वेला उडणाऱ्या विमानात सूर्यास्त कुठल्या गावाचा धरायचा यावर आमच्याकडं एक अख्खी संध्याकाळ गेली, निकाल लागला नाही.

जपानच्या खाण्याबद्दल मला जे कळलं ते सांगते. तिथं नुसतं "मी शाकाहारी" म्हणून भागत नाही. दाशि नावाचं एक पाणी त्यांच्या निम्म्या स्वयंपाकात असतं, आमटीत आपलं मीठ असतं तसं. ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या किसाचं असतं. दिसत नाही, वासही आपल्याला ओळखू येत नाही. भाजीत मासा नसतो, पण ज्या पाण्यात भाजी शिजली त्यात असतो. दाशि समुद्रशेवाळाचंही करतात. मी आनंदानं सांगितलं तर आत्याबाईंनी मान हलवली, "शेवाळ? अनंतकाय." क्योटोच्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाचं जेवण असतं, त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. वाचून मला वाटलं, हे आपलेच लोक! पुढं वाचलं तर मुळा आणि गाजर भरपूर. आत्याबाई म्हणाल्या, "इतकं सोडलं, मग मुळा कसा राहिला यांचा?"

जपानी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं कार्ड लिहून दिलं. मी दिलेली यादी सगळी 'चालत नाही'ची होती, मांस, मासे, अंडी, माशाचं दाशि, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, मध. ती म्हणाली, "हे वाचून त्या घरची बाई घाबरेल. मागच्या बाजूला काय चालतं ते लिही." मग भात, टोफू, लाल भोपळा, काकडी, सोयाबीनच्या शेंगा, दूध, फळं असं लिहिलं. चिन्हंही शिकवली. मांसाचं चिन्ह म्हणजे खालून उघडी चौकट आणि आत एकाखाली एक दोन माणसं. माशाचं म्हणजे पोटात चार खणांचा चौकोन आणि खाली चार फराटे. आठवडाभर आमच्या फ्रिजवर ती चिकटवलेली होती.

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरत होतो. आत्याबाई लाडू कागदात गुंडाळत होत्या. मी तेच तेच सांगत होते, "विचारल्याशिवाय काही खायचं नाही. कार्ड दाखवायचं. शंका आली तर सोडून द्यायचं." लेकीनं हातातला स्वेटर खाली ठेवला आणि विचारलं, "आणि चुकून खाल्लं गेलं तर?"

मला उत्तर देता येईना. कारण मला माझी सहल आठवली.

मी आठवीत होते. आमच्या गावच्या शाळेची सहल गोव्याला गेली होती. पणजीत एका बेकरीत बाईंनी सगळ्यांना केकचा तुकडा दिला. गुलाबी क्रीम होतं त्यावर. मी खाल्ला, आवडला, बोटंसुद्धा चाटली. बसमध्ये बसल्यावर एका मैत्रिणीनं सांगितलं, "त्यात अंडं असतं, तुला माहीत नव्हतं?" खिडकीतून डोकं बाहेर काढून उलटी केली. बाईंना वाटलं, घाट लागला.

घरी आल्यावर आई दारातच म्हणाली, "सगळं नीट पाळलंस ना?" मी म्हटलं, "हो." आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमची पोरगी शब्दाला पक्की." त्या वर्षी दशलक्षणात मी तीन उपवास केले. सगळ्यांनी कौतुक केलं. कशासाठी केले ते मलाच ठाऊक. आलोचना पाठ म्हणताना दरवेळी तो गुलाबी तुकडा डोळ्यांपुढं यायचा. केकचं इतकं नव्हतं, ते "हो" गिळता येत नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिला सांगायचं राहूनच गेलं.

हे सगळं मी त्या रात्री पहिल्यांदा बोलले, उघड्या बॅगेपाशी. लेक माझ्याकडं बघतच राहिली. आत्याबाईंचे हात थांबले होते. त्या रागावतील असं वाटलं, चाळिशी ओलांडलेल्या मला तेव्हाही तशीच भीती वाटली. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला कळायला पाहिजे होतं. तिनं विचारलं, त्यात एकच उत्तर घालून विचारलं." मग लेकीला म्हणाल्या, "चुकून झालं तर तिथंच नऊ वेळा णमोकार म्हणायचा आणि घरी येऊन सांगायचं. जे झालं ते सांगायचं. आम्ही दोघी कुणालाच काही म्हणणार नाही."

मी त्यानंतर एकही सूचना दिली नाही. देण्यासारखी राहिली नव्हती.

नऊ दिवसांत तिचे तीनच फोन आले. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, त्यामुळे ती झोपायला निघायची तेव्हा मी संध्याकाळची देवापुढची पणती लावत असायची. क्योटोहून ओकायामाला जाताना बुलेट ट्रेन दोन बोगद्यांच्या मधल्या शिन-कोबे स्टेशनात थांबते. कोबेमध्ये मोत्यांच्या व्यापाराला गेलेल्या आपल्या लोकांनी १९८५ मध्ये संगमरवरी जैन मंदिर बांधलंय. सहलीत ते नव्हतं. स्टेशनाचं नाव ऐकल्यावर तिनं जागेवरच हात जोडले, आणि शेजारच्या मैत्रिणीनं काही न विचारता जोडले, असं ती सांगत होती.

परत आली तेव्हा बॅग उघडायच्या आधी म्हणाली, "आई, आज्जी, एक सांगायचंय."

ओकायामाच्या घरच्या बाईंनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं होतं. चारला जेवायला वाढलं, आणि स्वतःही तिच्याबरोबर चारलाच जेवल्या. भात, टोफू, उकडलेला भोपळा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिसो सूप केलं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा (त्याबद्दल आत्याबाईंचं मत मी मुद्दामच विचारलेलं नाही). दाशि घातलं नव्हतं. लेक दोन घोट प्यायली. तेवढ्यात त्या बाई स्वयंपाकघरातून मिसोचं पाकीट हातात घेऊन आल्या. मिसोमध्येच दाशि मिसळलेलं होतं. दुकानात असंही मिळतं आणि त्यांनी नेहमीच्या सवयीनं तेच उचललं होतं. त्यांनी पाकिटावरचं ते चिन्ह बोटानं दाखवलं, पोटात चार खणांचं, आणि कमरेत वाकून माफी मागितली. वर येईनातच.

"त्या गप्प बसल्या असत्या तर मला कळलंही नसतं, आई," लेक म्हणाली.

मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी विचारलं, "मग तू त्यांना काय म्हणालीस?"

"दाइजोबु म्हटलं. म्हणजे, असू दे, ठीक आहे. मला तेवढंच येत होतं. मग त्यांचा हात धरून खाली बसवलं. आणि त्या रडायला लागल्या म्हणून मी पण रडले. मग त्यांनी काकी कापून दिलं. काकी म्हणजे टोमॅटोसारखं दिसतं, पण गोड असतं, फळ आहे. मी त्यांना बेसनाचा लाडू दिला."

"आणि णमोकार?"

"झोपताना म्हटला. नऊ वेळा."

आत्याबाईंनी बॅगेतून रिकामे डबे काढायला सुरुवात केली. भडंग थोडं उरलं होतं, ते बशीत काढून लेकीपुढं ठेवलं. पावणेसहा वाजले होते, दिवस होता अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मंदिरातून नेहमीपेक्षा उशिरा आल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "एक माळ जास्तीची केली. त्या बाईच्या नावानं."