पाण्याला कमीत कमी शिवायचं

सिएटलच्या म्युझियम ऑफ हिस्टरी अँड इंडस्ट्रीमध्ये 'स्लो-मो-शन फोर' ही शर्यतीची बोट उंचावर टांगून ठेवली आहे. तिचे फोटो मी किती वेळा पाहिले असतील! त्या फोटोंत ती खालून दिसते, म्हणून मला ते आवडतात. १९५० साली तिला धावताना पाहणाऱ्यांना दिसलं असेल ते पाण्याचं उंच कारंजं आणि त्याच्या पुढे पळणारा एक ठिपका. तळ कुणालाच दिसला नसणार. आणि शर्यतीच्या बोटीची सगळी अक्कल असते तळात. वरचं चकचकीत महॉगनी, पितळी पट्ट्या, नावाची नक्षी, हे सगळं पाहुण्यांसाठी.

तळ बघायची खोड मला मुंबईच्या किनाऱ्यावर लागली. पावसाळ्यात कोळीवाड्यात होड्या वर ओढून कलत्या करून ठेवतात, तेव्हा त्यांचं एरवी न दिसणारं अंग उघडं पडतं. जवळून गेलं की हात लावल्याशिवाय मला राहवत नाही. वेगाच्या बोटींचं वेड त्यातूनच आलं असावं. मला स्वतःला वेगाची फारशी हौस नाही; एक्स्प्रेसवेवर मी डावीकडच्या लेनमधून जाणारा माणूस आहे.

पाण्याचा एक हट्ट आहे. त्यात बसून चालणारी कुठलीही बोट शेवटी स्वतःच्याच लाटेत अडकते. वेग वाढला की नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, उठणारी लाट लांब होत जाते. ती बोटीच्या लांबीएवढी झाली की बोटीचा मागचा भाग खळग्यात बसतो, नाळ वर होते, आणि इंजिन बिचारं बोटीला तिनेच उभारलेल्या चढावर ढकलत राहतं. पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांब असलेली बोट साधारण ८ नॉट्सला या चढाशी येऊन थांबते. त्यापुढे इंजिनाची ताकद दुप्पट केली तरी वेग मात्र चिमूटभरच वाढतो. म्हणून सुरुवातीच्या मोटरबोटी सुईसारख्या निमुळत्या आणि लांबलचक असत. १९०३ साली आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात हार्म्सवर्थ ट्रॉफीची पहिली शर्यत झाली. ती जिंकणारी 'नेपियर' ताशी २० मैलही गाठू शकली नव्हती.

या हट्टावरचा तोडगा सुचला एका पाद्र्याला, तोही त्याआधी ३० वर्षं. ससेक्समधल्या राय गावाजवळ प्लेडन नावाचं खेडं आहे. तिथले रेव्हरंड चार्ल्स रॅमस यांनी १८७२ साली ब्रिटिश नौदलाला कळवलं की बोटीच्या तळाला मध्ये एक पायरी द्या, म्हणजे ती पाणी कापत बसण्याऐवजी पाण्यावर चढून घसरेल. तळ्यावर मारलेली चपटी ठिकरी टप्पे घेत जाते, तसंच. रविवारची प्रवचनं लिहिता लिहिता हे त्यांना कुठे सुचलं, देव जाणे. नौदलाने पत्र केराच्या टोपलीत टाकलं नाही, हेही नवलच. ते विल्यम फ्राउड यांच्याकडे गेलं. फ्राउड यांनी टॉर्कीला आपल्या घराजवळ लांब हौद बांधून घेतला होता आणि त्यात ते बोटींचे छोटे नमुने ओढून पाण्याचा विरोध मोजत. त्यांनी पायरीवाला नमुनाही ओढून पाहिला आणि निकाल दिला: पायरीचा उपयोग होईल, पण त्याला लागणारा वेग कुठल्याही वाफेच्या इंजिनाच्या आवाक्यातला नाही. उलट, गाठता येण्यासारख्या वेगांना पायरी आडच येईल.

दोघंही बरोबर होते. हलकं पेट्रोल इंजिन अजून जन्माला यायचं होतं, एवढीच अडचण. ते आलं आणि १९१० च्या सुमाराला पायऱ्या खरोखरच बोटींच्या तळाला आल्या. 'मेपल लीफ फोर' या ब्रिटिश बोटीच्या तळाला पाच पायऱ्या होत्या. १९१२ आणि १९१३ अशी दोन वर्षं तिने हार्म्सवर्थ ट्रॉफी जिंकली. सुकाणूवर होते टॉम सॉपविथ, जे पुढे विमानं बनवण्यासाठी प्रसिद्ध झाले. पायरीपाशी पाण्याचा प्रवाह तुटतो, त्या फटीत हवा शिरते, आणि मग पूर्ण तळाऐवजी दोन-चार अरुंद पट्टेच पाण्याला टेकतात. पुढच्या ५० वर्षांतल्या सगळ्या खटपटीचं सार हेच होतं: पाण्याला अजून किती कमी शिवता येईल?

गार वूड हा या खटपटीतला सगळ्यात रंगेल माणूस. डेट्रॉइटचा. ट्रकचा हौदा वर उचलून माल ओतणारं हायड्रॉलिक यंत्र त्याने काढलं आणि त्यात तो श्रीमंत झाला. आपल्या रस्त्यांवर खडी ओतणारे डंपर त्याच वंशातले. तो पैसा त्याने पाण्यात घातला, अगदी शब्दशः. १९२० साली 'मिस अमेरिका' घेऊन तो इंग्लंडला गेला आणि ट्रॉफी घेऊन परतला. १९३३ पर्यंत त्याने ती सोडली नाही. 'मिस अमेरिका'मागे आकडे वाढत वाढत दहावर गेले. बोटीत दोन टेडी बेअर बांधलेले असायचे आणि शेजारी मेकॅनिक ऑर्लिन जॉन्सन. १९२५ साली या गड्याने हडसन नदीवर ऑल्बनीपासून न्यूयॉर्कपर्यंत ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड या नावाजलेल्या रेल्वेगाडीशी शर्यत लावली आणि तिला हरवलं. याला जाहिरातबाजी म्हणायचं की पोरकटपणा? दोन्ही. पण असल्या पोरकटपणाला आज किती परवानग्या लागतील, हे मनात येतंच.

समोरच्या ब्रिटिशांची गोष्ट मात्र दुःखाची. १३ जून १९३० रोजी विंडरमियर तलावावर सर हेन्री सेग्रेव्ह यांनी 'मिस इंग्लंड टू'मधून ताशी ९८.७६ मैलांचा विक्रम केला. दोन फेऱ्यांची ती सरासरी होती. त्यांनी तिसरी फेरी घेतली आणि बोट उलटली. सेग्रेव्ह गेले, रोल्स-रॉइसचे इंजिनियर व्हिक्टर हॅलिवेलही गेले. बोट बाहेर काढून दुरुस्त केली आणि पुढच्या वर्षी के डॉन तीच बोट घेऊन वूडशी लढायला डेट्रॉइट नदीवर उतरले. आजच्या माणसाच्या अंगावर हे ऐकून काटा येईल. त्या काळात बोट म्हणजे बोट; ती अपशकुनी ठरवून माळ्यावर टाकायला कुणाकडे पैसे होते?

पहिली फेरी डॉनने जिंकली. दुसऱ्या फेरीला वूड इशारा व्हायच्या सुमारे ९ सेकंद आधीच सुसाट सुटला आणि डॉनही त्याच्या मागे सुटला. ५ सेकंदांपेक्षा जास्त घाई केली की बाद, असा नियम होता. दोघंही बाद. शिवाय डॉनची बोट वळणावर उलटली, तो वाचला. मागे शिस्तीत, वेळेवर निघालेला एकजण होता: गार वूडचा भाऊ जॉर्ज, 'मिस अमेरिका एट'मध्ये. ट्रॉफी घरातच राहिली. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी याला लबाडी म्हटलं. वूडने मुद्दाम केलं असेल का? मला वाटतं, केलं असेल. आणि तरी त्याचा राग येत नाही. दुसऱ्याने घाई केली म्हणून आपणही घाई करायची, ही काही वूडने लावलेली सवय नव्हे.

१९३२ च्या सप्टेंबरात 'मिस अमेरिका एक्स'ने सेंट क्लेअर नदीवर ताशी १२४ मैल ओलांडले. ३८ फुटी बोट, पॅकार्डची १२ सिलिंडरची चार इंजिनं, एकूण ६,४०० अश्वशक्ती. हा माझ्या मते दांडगाईचा विजय. तळाला फार काही नवं सुचत नव्हतं, म्हणून इंजिनं वाढवली. माझा जीव जडला आहे तो १९३३ साली तिच्याशी लढायला आलेल्या 'मिस ब्रिटन थ्री'वर. ह्युबर्ट स्कॉट-पेन यांची ही बोट जेमतेम २४ फुटांची. लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि नेपियर लायन हे एकच इंजिन. चाराविरुद्ध एक. ती हरली, पण फार थोडक्यात. तिचा फोटो पाहिला की कळतं, इथे कुणीतरी प्रत्येक इंच खोडून पुन्हा काढला आहे.

पुढे या दोन हाडवैऱ्यांचं लग्न लागलं. स्कॉट-पेन यांनी आखलेली ७० फुटी बोट १९३९ साली अमेरिकेत एल्को कंपनीकडे गेली आणि अमेरिकी नौदलाच्या पीटी, म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या गस्ती, बोटी तिच्यावरून घडल्या. त्यांत बसवलेली इंजिनं होती पॅकार्डची, वूडच्या बोटींतल्या इंजिनांच्याच घराण्यातली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींची पीटी-१०९ याच कुळातली. म्हणजे हरलेल्याच्या घरचा तळ आणि जिंकलेल्याच्या घरचं इंजिन, असा तो संसार.

त्यानंतरची झेप न्यू जर्सीच्या अ‍ॅडॉल्फ अपेल यांची. त्यांनी पायरी दुभंगून तिचे दोन भाग पुढच्या दोन्ही बाजूंना नेले. पुढे दोन टेकू, मागे एक. तिवईसारखी बोट तीनच जागी पाण्याला शिवते. सर माल्कम कॅम्पबेल यांनी १९३९ साली याच कल्पनेवर ताशी १४१.७४ मैल गाठले. सिएटलचे टेड जोन्स बोइंगमध्ये काम करत. त्यांच्या मनात आलं, मागचा टेकू तरी कशाला? स्टॅन सेयर्स यांच्यासाठी त्यांनी आखलेल्या 'स्लो-मो-शन फोर'चा मागचा भाग पाण्यावर उचललेला राहतो आणि पंखा अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरतो. लढाईनंतर स्वस्तात मिळणारं विमानाचं अ‍ॅलिसन इंजिन त्यात बसवलं. २६ जून १९५० रोजी ताशी १६०.३२ मैल! जुना विक्रम मोडला तो जवळजवळ १९ मैलांनी. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटहून गोल्ड कप या शर्यतीचा करंडकही तिने आणला आणि त्यामुळे पुढच्या वर्षीची शर्यत सिएटलला आली. तिथली पोरं प्लायवुडच्या छोट्या बोटी करून सायकलला दोरीने बांधून गल्लीबोळांतून ओढत फिरायची. या साऱ्या इतिहासात मला हेवा वाटतो तो त्या पोरांचा.

इथून पुढे पाणी संपलं आणि हवा सुरू झाली. पाण्याला इतकं कमी शिवल्यावर बोट ही बोट उरत नाही. नाकाखाली वारा शिरला की ती उडते, आणि तिला पंख नसतात. १९ जून १९६६ रोजी वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीवर एकाच दिवशी तीन चालक गेले. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन तलावावर माल्कम यांचा मुलगा डोनाल्ड कॅम्पबेल ताशी ३०० मैलांच्या वर असताना 'ब्लूबर्ड'सकट उडाला. पुढे लढाऊ विमानासारखी बंद काचेची खोली आली, टर्बाइन आलं. माणसं वाचू लागली, हे उत्तमच झालं. त्या जुन्या दिवसांसाठी हळहळताना मला ही यादी विसरता येत नाही. मी हळहळतो ते वेगळ्याच गोष्टीसाठी: त्या काळी चूक डोळ्यांना दिसायची. तळाला हात फिरवून सुतार सांगू शकायचा की पायरी तीन बोटं मागे हवी होती.

हे झालं तलावांचं आणि नद्यांचं. समुद्रावर ही तिवई दहा मिनिटंही टिकत नाही. पहिलीच मोठी लाट तिला फोडते. समुद्रासाठी वेगळा तळ लागला: धारदार, खोल इंग्रजी व्हीसारखा. अमेरिकेतल्या रे हंट यांनी तो घडवला आणि १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत 'मोपी' या बोटीने खवळलेल्या समुद्रात तो सिद्ध केला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये काउझ ते टॉर्की अशी सागरी शर्यत सुरू झाली. होय, फ्राउड यांच्या हौदाचंच टॉर्की.

आणि या शर्यतीत मुंबईचा माणूस आहे. रेनातो लेव्ही, ज्याला सगळे सनी म्हणत. इटालियन घरातला, १९२६ साली कराचीत जन्मलेला. वडिलांचा बोटींचा कारखाना मुंबईत होता. तिथे काम करून तो पुढे इटलीला गेला. हंटची धार त्याने ठेवली आणि वरून पाहिल्यास बोट त्रिकोणी केली, म्हणजे नाळ अरुंद आणि मागे रुंद. त्याची 'आ'स्पेरांझिएल्ला' १९६३ साली काउझ-टॉर्की जिंकली, तेव्हा सुकाणू त्याच्याच हातात होतं. १९६७ साली त्याच्याच आराखड्यावरची 'सर्फरी' जिंकली. १९७१ च्या आपल्या पुस्तकाला त्याने नाव दिलं 'ढाऊज टू डेल्टाज'. अरबी समुद्रातल्या गलबतांपासून त्रिकोणी बोटींपर्यंतचा प्रवास. त्या नावातला पहिला शब्द तरी आपल्या किनाऱ्यावरचा, असं मी मानतो.

मध्यंतरी गेटवेहून मांडव्याला स्पीडबोटीने जाताना शेजारी बसलेल्या एका काकांना मी हे सगळं सांगितलं. भरतीच्या लाटांवर बोट दणादण आपटत होती. काकांनी एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने टोपी धरली होती.

"अहो, मग तो साठ साली एवढं करून बसलाय, तर ही का आपटते?"

मी म्हटलं, "काका, व्ही जितका खोल, तितकं आपटणं कमी. पण मग तीच बोट पळवायला इंजिन मोठं लागतं, आणि धक्क्याला उभी असताना ती जास्त डोलते. म्हणून बांधणारे व्ही जरा उथळ ठेवतात."

"म्हणजे शेवटी तेलाचाच खर्च," काका म्हणाले, आणि पुढच्या लाटेसाठी दोन्ही हातांनी दांडी धरली. टोपी मी धरली.