कानातला नंबर

अब्बांना बैलाचं वय कधी कुणाला विचारावं लागलं नाही. खालचा ओठ अंगठ्याने दाबून ते दात बघत. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग पाठीवरून हात फिरवत मागे जात, भोवरे बघत, खूर उचलून बघत आणि शेवटी डाग शोधत. आमच्याकडे बैल लंगडू लागला की विळा तापवून डाग द्यायची रीत होती. त्याने बैल बरा व्हायचा की नाही, अल्लाह जाणे. मुक्या जनावराचे हाल मात्र व्हायचे. पण डाग जन्मभर राहायचा. विकणारा कितीही शपथा घेवो, मागच्या पुठ्ठ्यावर डाग दिसला की अब्बा म्हणत, "याचा पाय गेला होता." बैलाचा केसपेपर त्याच्या कातड्यावरच असायचा आणि तो वाचता येणारी माणसं बाजारात चार-पाचच असायची. अब्बा त्यांतले एक. नागभीड आणि आजूबाजूच्या बाजारांत रुमालाखाली बोटं धरून त्यांनी किती सौदे केले असतील, त्याचा हिशोब त्यांच्यापाशीही नाही.

तो धंदा आता नाही. मार्च २०१५मध्ये राज्याचा नवा कायदा लागू झाला, गायीबरोबर बैल आणि वळूही त्यात आले. अब्बा शेतकऱ्यांनाच बैल विकत, धानाच्या बांधीत चालणारे. पण रस्त्यावर गाडी अडवणाऱ्याला हा फरक कोण समजावणार? दोन-तीन वेळा गाडी अडली आणि अब्बांनी रुमाल खुंटीला टांगला. पुढे २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं सांगणारं कलम रद्द केलं. निकाल वर्तमानपत्रात आला. रस्त्यापर्यंत तो पोचल्याचं मला दिसलं नाही.

आता जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडे. सप्टेंबर २०१९मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध देशभर लसीकरण सुरू केलं, तेव्हापासून हे बिल्ले गावोगाव वाढले. आधी 'इनाफ' नावाच्या प्रणालीत नोंद व्हायची, आता 'भारत पशुधन'मध्ये होते. नंबर टाकला की जात, वय, लस कधी टोचली, रेतन कधी केलं, गाभण आहे का, कोणता उपचार झाला आणि मालक कोण, हे सगळं डॉक्टरांच्या मोबाइलवर. लोक त्याला जनावराचं आधार कार्ड म्हणतात आणि हसतात. आमच्या ओळखीतले एक पशुवैद्यक दिवसभर रजिस्टरात लिहितात आणि संध्याकाळी जिथे रेंज सापडेल तिथे मोटारसायकल उभी करून त्या नोंदी मोबाइलवर चढवतात. एका हातावरचं शेण वाळलेलं, दुसऱ्या हाताने आकडे दाबणं चालू. नोंद उशिरा होते म्हणून त्यांना नावं ठेवण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर फिरून यावं.

१ जून २०२४पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय काहीच नाही, असा नियम झाला. खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, सरकारी दवाखान्यात उपचार नाही. आणि आमच्या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वीज पडून किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर मेलं आणि कानात बिल्ला नसेल, तर भरपाईही नाही. मुंबईत बसून वाचलं तर ही एक ओळ आहे. नागभीडमध्ये, घोडाझरीच्या जंगलाला लागून, ती ओळ म्हणजे वाघ आहे.

आमच्या शेजारच्या काकांची गाय वाघाने मारली. छोटी, पांढरी, कठाणी गाय. गडचिरोलीतल्या कठाणी नदीवरून या जातीचं नाव पडलं. खूर कठीण, त्यामुळे चिखलाच्या धानशेतीत तिची जनावरं टिकतात. २०२३च्या सुरुवातीला तिला देशी गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. काकांना ते माहीत नव्हतं, त्यांच्या लेखी ती गावरान. गायकी संध्याकाळी कळप घेऊन आला आणि एक कमी भरली. दुसऱ्या दिवशी सापडली तेव्हा मागचा भाग खाल्लेला होता, डोकं शाबूत. पंचनाम्याला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "बिल्ला?" कान होता. कानाला भोक होतं. बिल्ला नव्हता. वेळूच्या काट्यांत अडकून कधीच तुटून पडला असावा. काका म्हणाले, "माहं ढोर, अन् साक्ष त्याच्या कानाची!"

नंबर त्यांनी कुठे लिहून ठेवला नव्हता. शेवटी डॉक्टरांनी काकांच्या मोबाइल नंबरावरून नोंद शोधली. पांढरी गाय, वय, लाळ्या-खुरकुताची लस, सगळं निघालं. मोबाइल नंबरही काकांचा नव्हता, पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा होता. तो आठवायला अर्धा दिवस गेला. प्रकरण वर गेलं आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

तेव्हापासून मी या नोंदीबद्दल जरा गंभीरपणे विचार करू लागलो. ती रोगासाठी सुरू झाली, पण तिच्यावर आता मालकीही तोलली जाते, भरपाईही आणि वाहतुकीचा हक्कही. आणि जनावर ज्याचं, त्याच्या हातात त्यातलं काय असतं? बहुतेकदा कानातला प्लॅस्टिकचा तुकडा. शेतकऱ्यासाठी '१९६२' नावाचं ॲप आहे, त्यात नंबर टाकून बघता येतं. काकांकडे बटनांचा फोन आहे.

ब्रिटनने हे फार आधी केलं. वेड्या गायीच्या रोगाने हाहाकार उडाल्यावर १ जुलै १९९६पासून तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला पासपोर्ट आला, अगदी कागदी पासपोर्ट. जनावर विकलं की तो त्याच्याबरोबर जातो आणि हलवल्याची खबर तीन दिवसांत द्यायची. मला त्यातला कागद आवडला. तो मालकाच्या हातात असतो.

याचं कारण माझ्या घरातलंच आहे. गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाने गाय घेतली, ब्रह्मपुरीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरून. बाजारातून नव्हे, गोठ्यातून. अब्बा सोबत होते. दात बघितले, कास बघितली, डाग शोधला, नाही सापडला. संकरित गाय, गाभण. पैसे दिले, कागदावर लिहून घेतलं, दोन्हीकडच्या सह्या. मालकीचा बदल त्या दिवशी झाला नाही, कारण त्या गावात रेंज नव्हती आणि डॉक्टर शिबिराला गेलेले. "सोमवारी करून देतो," असं ठरलं. आणि गाय पिकअपमध्ये चढली.

वाटेत पाच-सहा पोरांनी गाडी थांबवली. कागद दाखवला. भावाचं नाव वाचलं आणि चेहरे बदलले. त्यातला एक हुशार होता. त्याने कानातला नंबर मोबाइलवर टाकला आणि म्हणाला, "मालक तर दुसराच आहे." खरंच होतं ते. नोंदीप्रमाणे गाय अजून त्या शेतकऱ्याचीच होती, आणि त्याचा फोन लागत नव्हता. अब्बा गाडीतून उतरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हात जोडून उभा. हे मला भावाने नंतर सांगितलं. अब्बा त्याबद्दल आजही बोलत नाहीत.

भावाने आमच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि नंबर वाचून दाखवला. डॉक्टरांनी पलीकडून नोंद वाचली. रेतनाची तारीख. गर्भतपासणीची तारीख. गाभण आहे, साडेपाच महिने. "गाभण गाय दुधासाठीच नेतात बाबांनो," ते म्हणाले, "सोडा त्यांना." पोरं आपसात काही बोलली. एकाने गायीच्या पोटाकडे बघितलं. मग गाडी सोडली.

मालकाच्या रकान्यात आमचं नाव नव्हतं, पण गर्भतपासणीच्या रकान्यातल्या एका तारखेने आम्हाला घरी पोचवलं. मी त्या अनोळखी डॉक्टरचा ऋणी आहे, ज्याने कधीतरी थकून, रेंज शोधत, ती तारीख चढवली. त्याने कंटाळा केला असता तर? आणि दुसरं एक सलतं ते वेगळंच. अब्बांच्या पन्नास वर्षांच्या शब्दाला त्या रस्त्यावर किंमत नव्हती. गायीच्या पोटातल्या वासराला होती.

नोंद सरळ करायची तर सौदा जिथे होतो तिथेच, त्याच घटकेला मालक बदलला पाहिजे. रेंज नसेल तर शिक्क्याचा कागद द्या, ज्यावर नंबर आणि दोन्ही नावं असतील, आणि तो कागद रस्त्यावर चालला पाहिजे. रेंज नाही हा विकत घेणाऱ्याचा गुन्हा होऊ शकत नाही.

सोमवारचा गुरुवार झाला, पण नाव बदललं. त्या वेळी डॉक्टर जुन्या नोंदी वाचत होते, तेव्हा आणखी एक निघालं. मागच्या वेताला गायीला कासदाह झाला होता, एका सडावर उपचार झाले होते. विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. भाव झाला, पैसे गेले, आता काय! अब्बा बऱ्याच वेळाने म्हणाले, "डाग असता तर दिसला असता," आणि स्वतःच हसले. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा.

उन्हाळ्यात गाय व्याली. कालवड झाली. अब्बांनी आधी तिच्या कपाळावरचा भोवरा बघितला, ठीक आहे म्हणाले. काही महिन्यांनी डॉक्टर बिल्ला मारायला आले. भावाचं नाव टाकताना अब्बांनी त्यांना थांबवलं, आधार कार्ड पुढे केलं आणि म्हणाले, "यातल्यासारखंच लिहा. आमच्या नावात दर कागदावर एक काना कमी-जास्त होतो." डॉक्टरांनी अक्षर-अक्षर ताडून लिहिलं. मग अब्बांनी त्यांना नंबर मोठ्याने वाचायला सांगितला, चुलीतला कोळसा घेतला आणि गोठ्याच्या भिंतीवर बारा आकडे लिहिले. सातव्या आकड्याला थांबले, म्हणाले, "परत वाचा."