नवी रचना, जुनी बोटं

बाबांच्या वेबमेलचं रूप पुन्हा बदललंय. बटणांवरचे शब्द गेले, नुसती चिन्हं उरली. उत्तर लिहायला त्यांचा हात अजून जुन्याच कोपऱ्याकडे जातो, तिथे क्षणभर थबकतो. वर्षानुवर्षं बोटांत मुरलेली सवय एका सकाळीत निघत नाही. तरुणांना चार दिवसांत जमतं, हे खरं. पण सगळे तरुण नसतात.

जीमेलचं साधं एचटीएमएल रूप २०२४ मध्ये बंद झालं. मंद इंटरनेटवर, जुन्या संगणकावर ते चटकन उघडायचं. सजावट नव्हती, पत्रं होती. ते राहायला हवं होतं.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये बटणांवर चिन्हांऐवजी शब्द आणता येतात. घरातल्या ज्येष्ठांसाठी तेवढं तरी आजच करून द्या.