जालना २०४५ : तळघरातला दवाखाना

शनिवारची संध्याकाळ तुम्ही कशी घालवता? मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर एफसी रोडवर एक चक्कर? आमचा पाच जणांचा ग्रुप दर दुसऱ्या शनिवारी बावधनच्या एका टू बीएचकेमध्ये जमतो, पिझ्झा मागवतो आणि दहा बाजूंचे फासे टाकत बसतो. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, ‘वीकेंडला काय केलंस?’ की मी सांगते, ‘दवाखाना चालवला. बेकायदा.’ समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो!

गेमचं नाव ‘सायबरपंक रेड’. कॉम्प्युटरवरचा नाही, टेबलावरचा. माइक पाँडस्मिथ या अमेरिकन डिझायनरचा हा गेम पहिल्यांदा १९८८ मध्ये आला. आम्ही खेळतो ती आवृत्ती २०२० ची. त्यातलं जग मात्र २०४५ मधलं. सरकार नावापुरतं, खरी सत्ता कंपन्यांची, आणि माणसं हात-पाय-डोळे काढून यंत्राचे बसवून घेतात. एक जण गेममास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. पैसेवाल्यांकडे ट्रॉमा टीमचं कार्ड. कार्डवाला कोसळला, की हत्यारबंद डॉक्टर आकाशातून हजर. ज्यांच्याकडे कार्ड नाही, ते माझ्याकडे येतात. मी मेडटेक.

मूळ गेम घडतो नाइट सिटी नावाच्या काल्पनिक शहरात. पण पहिल्याच दिवशी मी म्हटलं, ‘बॉस, आपण जालन्यात खेळू या.’ सगळे खो खो हसले. म्हटलं, हसा. एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्या रात्री बघितल्यात कधी? सायबरपंकच वाटतं ते! शिवाय बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली ती इथेच. आता शेजारून समृद्धी महामार्ग. ‘जालना, सोने का पालना’ असं जुनी माणसं उगाच म्हणत नाहीत. झालं, ठरलं. माझा दवाखाना मोंढ्यातल्या एका बियाण्याच्या गोडाऊनखाली. का? बियाणं ठेवायची थंड खोली आयतीच होती. रक्ताच्या पिशव्या तिथेच ठेवता येतात.

सामानाची यादी करताना आमच्यातला कोथरूडचा मुलगा म्हणाला, ‘लेझर स्काल्पेल घे.’ मी विचारलं, ‘टँकर कधी येतो?’ २०१२-१३ चा दुष्काळ मी शाळेत असताना पाहिलाय. हात धुवायला पाणी नसेल तर लेझर काय चाटायचाय?

या दवाखान्यात सगळ्यात जास्त खप यंत्राच्या डोळ्यांचा. मित्रांना ती सायन्स फिक्शन वाटते. मला आमची आजी आठवते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्याच्या गणपती नेत्रालयात झालं. डोळ्यातलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायची ही युक्ती हॅरोल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरनं १९४९ मध्ये लंडनला पहिल्यांदा केली. म्हणजे आमची परतूरची नऊवारीतली आजी ऑफिशियली सायबोर्ग! पट्टी निघाल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कामून गं इतकी वाळलीस?’

गेममध्ये अशा प्रत्येक अवयवाची एक वेगळी किंमतही असते. शरीरात जितकं यंत्र बसवाल, तितके तुमच्या माणुसकीचे गुण कमी. ते संपले की पात्र हातातून गेलं, ते गेममास्टरच्या ताब्यात. दवाखाना चालवताना हा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. आमचा तर जनरेटरचा हप्ताही थकलेला.

आणि गेल्या महिन्यात गेममास्टरनं एक गिऱ्हाईक पाठवलं. नवरा, बायको, सोबत सासू. बायको गरोदर. सासूनं टेबलावर पैशांची थप्पी ठेवली. ‘तुमच्याकडे स्कॅनर आहे ना? फक्त एवढंच सांगा, काय आहे?’

टेबलावर एकदम उत्साह. ‘घे! जनरेटर सुटला!’ ‘२०४५ आहे, कायदा कुठे उरलाय?’ ‘आपण अंडरग्राउंड आहोत ना यार!’

त्यांचंही खरंच होतं. या गेममध्ये अंडरग्राउंड म्हणजे हीरो. कार्ड नसलेल्यांचा देव. पण मी ज्या भागातून आले, तिथे लपूनछपून चालणारा दवाखाना म्हटलं की आम्हा मुलींच्या डोक्यात वेगळंच चित्र येतं. गेम निघाला त्याच १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशातला पहिला. १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. म्हणून प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर ती पाटी असते. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. उरलेल्या कुठे गेल्या? यंत्र होतं, पैसा होता आणि तळघरंही होती. भविष्यकाळाची वाट बघायची गरजच नव्हती.

मी फासे खाली ठेवले आणि म्हटलं, ‘मी तिसरी आहे.’

कुणाला कळेना. मग सांगितलं. दोन तायांनंतर आईला दिवस गेले तेव्हा घरात एक चिठ्ठी आली होती. त्यावर एका ‘ठिकाणा’चा पत्ता. आईनं ती चुलीत टाकली आणि भाकरी थापायला बसली. विषय संपला. चिठ्ठी आणणारी होती आजी. तीच, भिंगवाली. माझ्या पहिल्या पगाराचे पेढे अख्ख्या गल्लीत वाटणारीही तीच. या दोन आज्या मला अजून एकीत बसवता आलेल्या नाहीत. दोघींवर माझा जीव आहे, एवढं खरं.

पिझ्झा गार झाला. कुणी काही बोललं नाही. मग मी माझी चाल सांगितली : स्कॅन करणार, बाळाचे ठोके ऐकवणार, आईचं रक्त तपासणार, गोळ्या देणार. फुकट. बाकी उत्तर नाही. थप्पी परत.

गेममास्टर चांगला आहे, त्यानं मला सोपं जाऊ दिलं नाही. सासू उठली आणि सुनेला घेऊन कुंडलिकेच्या पलीकडच्या दुसऱ्या दवाखान्याकडे निघाली. आमचा जनरेटर बंद पडला तो पडलाच. नाही म्हटल्यानं माझा दवाखाना स्वच्छ राहिला, त्या बाईचं काय, हा प्रश्न टेबलावर तसाच होता.

‘घे’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला कोथरूडचा मुलगा बराच वेळ फासा बोटांत फिरवत बसला होता. त्याचं पात्र आमच्यातलं सगळ्यात दणकट, दोन्ही हात लोखंडाचे, माणुसकीचे गुण जेमतेम. त्यानं विचारलं, ‘ती पूल ओलांडायच्या आत पोचता येईल का?’

गेममास्टर म्हणाला, ‘फासा टाक.’

आठ आले. आम्ही पोचलो. सुनेला विचारलं, तुला काय हवंय? एवढ्या वेळात तिला कुणी विचारलंच नव्हतं, आम्हीसुद्धा. तिचं उत्तर गेममास्टरनं पुढच्या शनिवारवर ठेवलंय. दवाखान्यात एक खाट मी तिच्यासाठी रिकामी ठेवली आहे, आणि टँकरवाल्याला सांगून ठेवलंय.