आबांच्या रायफलची तांब्याची तार

आमच्या घरात एक रायफल आहे. हे वाक्य ऐकलं की लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगतो : परवाना आहे, पन्नासेक वर्षांत तिच्यातून कुठल्याही जनावरावर गोळी सुटलेली नाही, आणि निवडणूक लागली की बाईसाहेब मुक्कामाला पोलीस ठाण्यात जातात.

.३१५ बोअरची, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. ठेवण सैन्यातल्या ली-एनफिल्डची, काडतूस मात्र वेगळं. फौजेचं .३०३ काडतूस बाहेरच्यांच्या हाती लागू नये, म्हणून इंग्रजांच्या काळातच हे माप रूढ झालं आणि स्वातंत्र्यानंतरही टिकलं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती साठच्या दशकात घेतली. कर्जत तालुक्यातलं माळरान, काळविटांचे कळप आणि आबांना शिकारीचा नाद.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली की वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. तशी ती बाबांकडून माझ्याकडे आली. नळीवर गंज, दस्त्यावर काळा थर आणि मुठीजवळ एक तडा. त्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. गावच्या सुताराचं काम.

मग सल्ले सुरू झाले. चुलतभाऊ म्हणाला, "नवा दस्ता बसव, दुर्बीण लाव, नळी जरा आखूड कर, झकास दिसेल." नळी आखूड करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली परवानगीशिवाय गुन्हा आहे, हे त्याला सांगितलं. आणि दुर्बिणीतून बघायचं कुणाला? आत्याचं म्हणणं दुसरं टोक : "सरकारजमा कर. त्या लाकडाला रक्ताचा वास आहे."

मी मधला रस्ता धरला. लोखंडाचं काम परवाना असलेल्या कारागिराकडे. त्यानेच दस्ता सोडवून दिला. नळीवर त्याने मुद्दाम बारीक गंज चढवला, मग ती उकळत्या पाण्यात ठेवली. तांबडा गंज काळा होतो, तो घासून पुन्हा तेच. असे अनेक हात झाल्यावर जो निळसर काळा रंग येतो, तोच पुढचा गंज रोखतो. गंजाने गंजाला अडवायचं, गंमतच आहे!

लाकूड माझ्याकडे. ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री फिरवली की वाफेने दबलेले पोचे वर येतात. मग हलका पॉलिशपेपर आणि जवसाचं तेल. एक हात द्यायचा, पुसायचा, वाळू द्यायचा. घाई केली तर चिकट बसतं. चौथ्या हाताला अक्रोडाच्या रेषा दिसू लागल्या.

अडलो तारेपाशी. ती काढून तडा सांधायचा का? आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती बहात्तरच्या दुष्काळातली आहे."

लोक खडी फोडत होते, सुकडीवर दिवस काढत होते. एका संध्याकाळी आमच्या विहिरीजवळच्या डोणीवर काळविटं आली, माणसांना न भिता. आबा बंदूक घेऊन गेले आणि गोळी न झाडता परतले. ओट्यावर त्यांनी ती अशी आदळली की दस्ता तडकला. पुन्हा शिकारीला गेले नाहीत. त्याच वर्षी संसदेत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बाबा म्हणतात, आबा कायद्यामुळे थांबले. आत्या म्हणते, त्या डोणीमुळे. आबांनी स्वतः कधीच काही सांगितलं नाही.

जिम कॉर्बेटच्या रिग्बी रायफलवर चंदेरी पट्टी आहे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती मिळाल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. आमच्या रायफलवर न मारल्याची नोंद आहे, तीही तारेने लिहिलेली. ती पुसणारा मी कोण?

१९८० मध्ये आमच्याच तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं. तिथली काळविटं आज रानात उतरली की शेतकरी वैतागतात, तेही खोटं नाही. असो.

तार तशीच ठेवली, फक्त चिंचेने घासून उजळली. तडकलेल्या दस्त्याची रायफल खांद्याला लावणं धोक्याचं, असं कारागिराने बजावलं आहे. मला ते सोयीचंच वाटलं. आत्यालाही.