सर्वांत मोठा खेळाडू कोण?

टेनिसमधला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, या एका प्रश्नावर आमच्या घरात तीन पक्ष आहेत. धाकटे दीर फेडररचे, मुलांचे अब्बा नदालचे आणि माझा मुलगा जोकोविचचा. तिघेही हट्टी. विम्बल्डन सुरू झाले की जेवणाच्या दस्तरखानावरही हाच विषय.

मुलाचा हिशेब सरळ आहे. चार ग्रँडस्लॅम स्पर्धांमधली एकेरीची विजेतेपदे मोजा: जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०. आपसांतल्या सामन्यांतही जोकोविच पुढे. फेडररविरुद्ध २७-२३, नदालविरुद्ध ३१-२९. यावर अब्बांचे उत्तर ठरलेले: "पॅरिसच्या लाल मातीवर १४ वेळा जिंकणारा दुसरा कोणी दाखव." दिरांना तर आकडेच मान्य नाहीत. ते २०१९ची विम्बल्डनची अंतिम लढत काढतात. त्या सामन्यात फेडररने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. तरी चषक जोकोविचने नेला. "मग आकड्यांचे काय घेऊन बसलात?" असे म्हणून ते हात झटकतात.

हा वाद ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येकाने खेळाडू आधी निवडलेला असतो आणि मोजपट्टी नंतर शोधलेली असते. शिवाय मोजपट्टीही प्रत्येक काळाला सारखी लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षी चारही स्पर्धा जिंकल्या. नंतर तो व्यावसायिक झाला आणि तेव्हाच्या नियमामुळे पाच वर्षे या स्पर्धांची दारे त्याला बंद राहिली. १९६८ मध्ये दारे उघडली आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या. त्याच्या नावावर ११ विजेतेपदे आहेत. ती पाच वर्षे कोणत्या रकान्यात लिहायची?

मागच्या वर्षी या वादात माझी मुलगी पडली. तिने एवढेच विचारले, "तुमच्या यादीत एकही बाई कशी नाही?"

क्षणभर सगळे गप्प झाले. स्टेफी ग्राफने १९८८ मध्ये चारही स्पर्धा आणि वर सोलचे ऑलिंपिक सुवर्णपदक एकाच वर्षात जिंकले. आमच्या घरातल्या तिन्ही नायकांपैकी एकालाही एका वर्षात चारही स्पर्धा साधलेल्या नाहीत. मार्टिना नवरातिलोवाची एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून ५९ ग्रँडस्लॅम विजेतेपदे आहेत. सेरेना विल्यम्सने २०१७ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा एकही सेट न गमावता जिंकली, तेव्हा ती गरोदर होती. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मुलाखतकाराने अँडी मरेला टेनिसची दोन सुवर्णपदके जिंकणारा पहिला माणूस म्हटले, तेव्हा व्हीनस आणि सेरेनाची आठवण त्यानेच करून दिली.

"बायकांचा खेळ वेगळा," दीर म्हणाले. वेगळा असेल, पण मग 'पुरुषांमध्ये सर्वांत मोठा कोण' असे विचारा. 'सर्वांत मोठा' म्हणायचे आणि अर्धी माणसे मोजायचीच नाहीत, हा कुठला इन्साफ?

मुलीने तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. ती शाळेच्या संघातून बॅडमिंटन खेळते आणि यंदा दहावीला आहे. "आता खेळ पुरे, अभ्यासाकडे बघ," असे घरात सुरू झाले होते. दोन वर्षांपूर्वी मुलगा दहावीला होता, तेव्हा तो जानेवारीपर्यंत क्रिकेट खेळत होता. "खेळाने डोके ताजे राहते," असे तेव्हा सगळेच म्हणत होते.

मी हे दोन्ही सर्वांसमोर मांडले. कोणावर आवाज चढवला नाही. एवढेच म्हटले, "दहावी दोघांची एकच, तर मोजपट्टीही एकच लावा."

मुलांचे अब्बा थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "जानेवारीपर्यंत खेळू दे. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत रॅकेट कपाटात. त्याची बॅटही तशीच ठेवली होती."

मुलीने ते कबूल केले. आता संध्याकाळी पाचला ती सरावाला जाते आणि मगरिबपर्यंत घरी परतते. फेडरर, नदाल की जोकोविच, हे आमच्याकडे अजून ठरलेले नाही आणि ते न ठरल्याने कोणाचे काही बिघडतही नाही. मुलीचे मात्र वेळेत ठरले.