बुरांशाचे नातलग बुलढाण्यात!

बुलढाण्याहून खामगावला बोथ्याच्या घाटानं निघालं की रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. फाल्गुनात या वाटेवर पळस असा काही पेटलेला असतो की विचारू नका! आमच्या जाऊबाई हिमालयाची सहल करून आलेल्या. पळस पाहताच म्हणाल्या, “अगं, हा तर तिकडचा बुरांशच!”

बुरांश म्हणजे पहाडातलं लाल फुलांचं झाड; त्या फुलांचं सरबत करतात. पण मैत्रिणींनो, नुसत्या रंगावरून सोयरीक जुळत नाही. पळसाला पानं तीन आणि शेंग चपटी. तो वाल-घेवड्याच्या गोतातला. बुरांशाला हवेत थंड डोंगर आणि आम्लधर्मी माती. बुलढाण्याच्या कोरड्या रानात तो यायचा कसा?

त्याचे दूरचे नातलग मात्र इथे आहेत! जनुकांच्या अभ्यासावरून १९९८ साली वनस्पतींची नवी मांडणी झाली. तीत बुरांश, ब्लूबेरी, चहा, चिकू, मोह आणि टेंभुर्णी एकाच गणात आले.

टेंभुर्णी ओळखायला सोपी. साल काळपट, सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. कोवळ्या पानांवर मखमली लव. उन्हाळ्यात पिकणाऱ्या पिवळ्या फळाला देठाशी वांग्यासारखी टोपी. विडीला लागतात ती पानं हिचीच.

मोह पाहायला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्यातल्या अंबाबरव्याकडे वळावं. पानं फांदीच्या टोकाशी झुपक्यानं येतात. पान तुटलं की पांढरा चीक येतो, अगदी कच्च्या चिकूसारखा. मांसल, गोड फुलं पहाटे गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून पुष्कळ ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्या आगीत मोहाची, टेंभुर्णीची कोवळी रोपं जळून जातात. मोठी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्यामागे वारस उरत नाही.

म्हणून एवढं करा. अभयारण्यात पान-फूल तोडू नका. गळलेलं पान दाखवून मुलांना झाड ओळखायला शिकवा. आणि रानात चूल मुळीच मांडू नका. दशम्या, चटणी घरूनच न्यावी, चहा थर्मासमध्ये भरून घ्यावा. तोही बुरांशाचा नातलगच की!